कुंडीतली मिरची पिवळी पडली, खोड जांभळं झालं: खताच्या पुडीआधी काय तपासायचं

पाच वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवरच्या दोन मिरच्यांचे शेंडे पिवळे पडले. रोप पिवळं दिसलं की शेजारपाजारचा सल्ला ठरलेला असतो: "चिमूटभर युरिया टाका." टाकला. चिमूट माझ्या हाताची असल्यामुळे जरा मोठी झाली. चार दिवसांत खालची पानं कडेने करपली आणि दहाव्या दिवशी एक रोप गेलं. दुसरं वाचलं ते केवळ युरिया पहिल्याच कुंडीत संपला म्हणून. त्या रोपांना नत्र, म्हणजे युरियातून मिळणारं नायट्रोजन, कमी नव्हतंच, हे नंतर कळलं. इमारतीच्या बोअरच्या पाण्याने कुंडीतली माती इतकी चुनखडीची झाली होती की मातीत असलेलं लोह मुळांना घेताच येत नव्हतं. शेंडा पिवळा होता आणि खालची पानं हिरवीगार होती. एवढी एक गोष्ट नीट बघितली असती तर युरियाची पुडी उघडलीच नसती.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. आधी रंग झाडावर कुठे बदललाय ते बघायचं, मग पाणी, मग पानाची उलटी बाजू, मग खोड, मग मुळं. खत सगळ्यात शेवटी. मिरचीवर लिहितोय कारण कुंडीत ती भरपूर लावली जाते आणि सगळ्यात लवकर तोंड वाकडं करते. टोमॅटो आणि वांगं तिच्याच कुळातले, त्यामुळे बहुतेक गोष्टी त्यांनाही लागू पडतात. लिंबू, जास्वंद, कढीपत्ता अधूनमधून येतील.

बघण्याची वेळ आणि जागा

दुपारी दोन वाजता मिरचीचं निदान करू नका. एप्रिलच्या उन्हात धडधाकट रोपही मान टाकतं आणि संध्याकाळी परत ताठ उभं राहतं. सकाळी सात-आठच्या सुमाराला बघा. घरातल्या पिवळसर दिव्याखाली पान तपासू नका आणि त्या उजेडात काढलेल्या फोटोवरून तर मुळीच काही ठरवू नका. पान सावलीत न्या आणि पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. पोपटी, लिंबासारखं पिवळं आणि तांबूस यांतला फरक कागदावर लगेच कळतो.

आता दोन पावलं मागे या आणि अख्खं झाड बघा. पिवळेपणा खालून वर चाललाय की शेंड्यावरून सुरू झालाय? एकाच बाजूला आहे की सगळीकडे? एकाच कुंडीत आहे की ओळीतल्या सगळ्या कुंड्यांत? यातला शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. एका पाण्यावर आणि एका मातीत वाढलेल्या सहाच्या सहा कुंड्या एकदम फिकट झाल्या तर रोगापेक्षा पाणी, माती किंवा हवामानाचा संशय आधी घ्यायचा. सहातली एकच बिघडली असेल तर त्या कुंडीचं बूड, तिची मुळं किंवा तिच्यावरची कीड बघायची. उन्हाकडे तोंड असलेल्या पानांवरच कोरडे, कागदासारखे पांढरट चट्टे असतील आणि सावलीतली पानं ठीक असतील, तर ते ऊन लागलंय. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून आणलेलं रोप थेट गच्चीच्या उन्हात ठेवलं की हमखास असं होतं. त्याला औषध नाही. आठवडाभर अर्ध्या सावलीत ठेवा, नवी पानं चांगली येतील.

खालची एक-दोन पानं पिवळी होऊन गळणं हे म्हातारपण आहे, आजार नाही. कढीपत्ता थंडीत पिवळा पडतो, पानं गाळतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा फुटतो. त्या काळात त्याला ताक पाजून काही होत नाही. पालवी यायची तेव्हा येते आणि श्रेय ताकाला मिळतं.

पाणी: बोट, वजन, भोक

कुंडीतल्या पिवळ्या पानांच्या मागे मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे जास्त पाणी. गंमत अशी की पाणी जास्त झालेलं आणि कमी झालेलं रोप लांबून सारखंच दिसतं. दोन्हीत पानं मलूल होतात, खालची पिवळी पडतात. फरक मातीत आणि पानाच्या स्पर्शात आहे. तहानलेल्या रोपाचं पान पातळ आणि कोरडं लागतं, पाणी दिल्यावर तासा-दोन तासांत उभं राहतं. पाणी तुंबलेल्या रोपाचं पान मऊ, जड लागतं, आणि माती ओली असूनही रोप झुकलेलं असतं. ओल्या मातीतलं झुकलेलं रोप दिसलं की पाण्याचा डबा खाली ठेवा.

बोट दोन पेरं आत घाला. वरचा थर गच्चीवरच्या वाऱ्याने तासाभरात वाळतो, म्हणून वरून बघून काही कळत नाही. मोठ्या कुंडीत बोट पुरत नाही, तिथे उदबत्तीची काडी किंवा कबाबची लाकडी सळई तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. खालचं टोक चिखलाने माखून आलं तर पाणी बंद. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती ओलसर पण हाताला चिकटत नाही आणि मुळांना हवाही मिळते, ती अवस्था कुंडीतही साधायची असते. मुळं पाण्याबरोबर श्वासही घेतात. मातीतली हवा पाण्याने भरली की मुळं काम थांबवतात, आणि मातीत सगळी अन्नद्रव्यं असूनही वर पानं उपाशी राहतात.

पाणी दिल्या दिल्या कुंडी थोडी उचलून वजनाचा अंदाज घ्या, दोन दिवसांनी पुन्हा उचला. आठवड्याभरात हाताला सवय होते. मग बोट घालायचीही गरज उरत नाही.

बुडाचं भोक दर दोन-तीन महिन्यांनी तपासा. मुळं किंवा चिकणमाती तिथे बूच बसवते. नर्सरीतून आणलेल्या प्लॅस्टिकच्या कुंडीत कधी भोकं पाडलेलीच नसतात. मी एका ओळखीच्या बाईंच्या गॅलरीत वर्षभर मरत असलेली जास्वंद बघितली आहे, तिच्या कुंडीला बुडाला फक्त भोकाच्या खुणा होत्या. कुंडीखालची थाळी पावसाळ्यात काढून टाका. कुंड्या दोन विटांवर उचलून ठेवल्या की खालून हवा खेळते आणि उन्हाळ्यात तापलेली फरशी मुळं भाजत नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू मे महिन्यात हात ठेवून बघा, म्हणजे त्या बाजूची मुळं तपकिरी का होतात ते कळेल. गोणपाट गुंडाळलं तरी पुष्कळ फरक पडतो.

पान उलटा

खताचा विचार करायच्या आधी पानाची खालची बाजू बघणं सक्तीचं समजा. पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर दोन टिचक्या मारा. कागदावर पडलेले ठिपके हलू लागले तर कीड आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघितलं तर ओळखही पटते. लांबट, पिवळसर, पळणारे ते फुलकिडे. अगदी बारीक, कण हलल्यासारखे ते कोळी.

मिरचीत या दोघांचा फरक पान कुठे वळतंय यावरून कळतो. फुलकिड्यांनी रस शोषला की पानाच्या कडा वर वळतात, पान द्रोणासारखं होतं आणि खालच्या बाजूला चंदेरी-तपकिरी चकाकी येते. कोळ्यांनी पान खाली वळतं, उलट्या होडीसारखं, आणि देठ लांबतात. गावाकडे या सगळ्याला मिळून चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात आणि एकच औषध मारतात. मग निम्म्या वेळा ते लागू पडत नाही, कारण कोळी कीटकच नाहीत. ते आठ पायांचे, कोष्ट्याच्या जातीचे. कीटकनाशकाने त्यांना खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी आणखी वाढतात.

फुलकिड्यांसाठी निळे आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा. एक लिटर कोमट पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. भांडी घासायचं जेल वापरू नका, त्याने पानांवरचा मेणाचा थर जातो आणि करपलेल्या पानांचा नवा प्रश्न उभा राहतो. कोळ्यांना आधी पाण्याच्या जोरदार धारेने दोन-तीन दिवस लागोपाठ धुवा, ते त्यांना सोसत नाही. तरी राहिले तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम. भर उन्हाळ्यात गंधक पानं जाळतं, आणि तेल फवारल्यानंतर दोन आठवडे तरी गंधक फवारायचं नाही.

मुंग्यांची रांग कुंडीवर चढताना दिसली तर ती मुळांना त्रास देतेय असं समजू नका. मुंग्या वर मावा किंवा पिठ्या ढेकूण राखायला चाललेल्या असतात. त्यांच्या गोड चिकट विष्ठेवर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. लिंबावर तिला कोळशी म्हणतात. ओल्या फडक्याने काळा थर पुसून निघाला तर पान खाली हिरवंच असतं. म्हणजे बुरशीवर औषध मारायचं नाही, मावा घालवायचा.

पानावर नागमोडी पांढऱ्या रेघा असतील तर नागअळी. पान तोडून टाका, विषय संपला. वरून पांढरी पूड पसरल्यासारखी दिसली तर भुरी. पिवळी-हिरवी चितळ नक्षी, पानं वेडीवाकडी आणि रोप खुरटलेलं असेल तर विषाणू. याला कोणतंही औषध नाही. रोप उपटून पिशवीत बांधून टाकायचं, कंपोस्टमध्ये नाही. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: तंबाखूही मिरचीच्याच कुळातली आहे आणि तिचा मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो. तंबाखू मळलेल्या हातांनी मिरचीचे शेंडे खुडू नयेत. आमच्या माळीदादांना हे सांगितल्यावर ते हसले. पण आता आधी साबणाने हात धुतात.

खालची पानं पिवळी

पाणी ठीक, कीड नाही, तरी रंग बदलतोय. आता अन्नद्रव्यांकडे यायचं. इथे एकच सूत्र डोक्यात ठेवलं तरी अर्धं निदान होतं. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही चार झाडाच्या आत फिरू शकतात. कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून लक्षण खाली दिसतं. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा पानात बसली की सहसा हलत नाहीत. ती कमी पडली की जुनी पानं हिरवी राहतात आणि शेंडा बिघडतो.

खालचं पान शिरांसकट सगळं सारखं फिकट, मग पिवळं झालं तर नत्र. पावसाळ्यात हे स्वाभाविक आहे. मुंबई-कोकणात जून-जुलैच्या सरींनी कुंडीतलं नत्र बुडाच्या भोकातून वाहून जातं. ओंजळभर चांगलं कुजलेलं गांडूळखत, किंवा पाऊस थांबल्यावर पाण्यात विरघळणारं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरला 2 ग्रॅम, ओल्या मातीत. कोरड्या मातीत खत ओतणं म्हणजे मुळांना मीठ चोळणं.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही जुन्याच पानांवर, तर मॅग्नेशियम. कोकोपीट जास्त घातलेल्या कुंड्यांत हे वारंवार दिसतं, कारण कोकोपीट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं. विटेच्या आकाराचं कोकोपीट भिजवून त्यातलं खारट पाणी दोन-तीनदा टाकून द्यायचं असतं. ते न करता बहुतेक जण तसंच मिसळतात. उपाय एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला 5 ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा पुन्हा.

जुन्या पानांच्या फक्त कडा तपकिरी होऊन वाळल्या तर पालाश कमी असू शकतं. पण कुंडीत त्याहून जास्त वेळा ते क्षार साठल्याचं लक्षण असतं. दोन्हींवरचे उपाय बरोबर उलटे आहेत, म्हणून कुंडीची कड बघा. आतल्या काठावर किंवा मातीवर पांढरी खर जमली असेल तर खत नको, धुणं हवं. आरओ मशीनचं बाहेर जाणारं पाणी झाडांना घालण्याची आपल्याकडे सवय आहे. पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगली, पण त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. फरशी पुसायला वापरा, कुंडीत नको.

धुण्याची रीत साधी आहे. 12 इंची कुंडी असेल तर पंचवीस-तीस लिटर साधं पाणी, शक्य असल्यास पावसाचं, हळूहळू ओता. एकदम ओतलंत तर ते कडेने निसटतं आणि आतली माती कोरडीच राहते. सगळं निथळू द्या, मग आठवडाभर खत नाही. एसीतून टपकणारं पाणी या कामाला उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

शेंडा पिवळा, शिरा हिरव्या

देशावरच्या गच्च्यांवरचा हा सगळ्यात फसवा प्रकार. नवी पानं पिवळी, त्यांच्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी, आणि खालची पानं छान. लोह मिळत नाहीये. मिरचीपेक्षा जास्वंद, मोगरा, अनंत आणि लिंबू यांत हे आधी दिसतं. त्यामुळे गच्चीवर जास्वंद असेल तर तिच्याकडे बघत जा, मिरचीची बातमी ती आधी देते.

मातीत लोह भरपूर असतं, आपली काळी माती तर बेसॉल्टपासून झालेली. अडचण सामूची, म्हणजे पीएचची आहे. सामू सातच्या वर गेला की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकतं. काळ्या मातीत चुनखडी असते आणि बोअरचं जड पाणी रोज तिच्यात थोडी भर घालतं. न्हाणीघरातल्या बादलीवर जो पांढरा थर चढतो तोच कुंडीतही चढतो. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तिथे हा प्रकार क्वचित दिसतो. तिथलं दुखणं वेगळं: पाऊस कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश वाहून नेतो.

घरच्या घरी खात्री करायला दोन चाचण्या आहेत. कुंडीतली चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि वर पांढरं व्हिनेगर टाका. बारीक फेस आला, कान जवळ नेल्यावर सूं आवाज आला, तर चुना आहे. दुसरी चाचणी पानावरची. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला 3 ग्रॅम आणि त्यात 1 ग्रॅम लिंबूसत्व घालून कापसाच्या बोळ्याने एकाच पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर लावा. आठवड्याभरात तेवढाच अर्धा भाग हिरवा झाला, तर निदानावर शिक्कामोर्तब. अर्धं पान पिवळं, अर्धं हिरवं असं ते पान मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शाळेतल्या प्रयोगापेक्षा जास्त आनंद झाला होता.

मग तेच मिश्रण संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात आणि ते जात नाहीत. मातीतून द्यायचं तर पाकिटावरचं नाव वाचून घ्या. ईडीटीए प्रकारचं चिलेटेड, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ते फवारणीला ठीक. मातीसाठी ईडीडीएचए लिहिलेलं, लालसर-तपकिरी रंगाचं घ्या. महाग असतं, पण कुंडीला अगदी थोडं लागतं.

ही मलमपट्टी झाली. मूळ दुखणं पाण्यात आहे. दहा लिटरच्या बादलीत अर्धा चहाचा चमचा लिंबूसत्व विरघळवून ते पाणी आठवड्यातून एकदा दिलं तर पाण्यातला चुन्याचा जोर कमी होतो. पावसाळ्यात पिंप भरून ठेवता आलं तर उत्तमच. माती फारच चुनखडीची असेल तर गंधक घालून ती आम्ल करण्याच्या फंदात पडू नका. आधी सगळी चुनखडी संपवावी लागते, त्यात हंगाम जातो. माती बदला. अंड्याची टरफलं आणि हाडांचा चुरा अशा मातीत घालणं तर शुद्ध वेळेचा अपव्यय, ती विरघळतच नाहीत. नेमका आकडा हवा असेल तर कृषी महाविद्यालयांच्या आणि कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रयोगशाळांत माती व पाणी परीक्षण करून मिळतं. दहा कुंड्यांहून जास्त असतील तर एकदा करून घ्याच.

खोड बोलतं ते ऐका

जांभळं खोड बघून घाबरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मिरचीच्या पेरांवर, जिथून फांदी फुटते तिथे, जांभळे पट्टे असणं अनेक वाणांत स्वाभाविक आहे. भरपूर ऊन मिळणाऱ्या रोपात ते गडद होतात. पानं हिरवी असतील, शेंडा वाढत असेल तर तो रंग त्या रोपाचा आहे, कृष्णतुळशीचा जसा तिचा आहे. काही करायचं नाही.

पण डिसेंबर-जानेवारीत, पुण्या-नाशकाकडे रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात तेव्हा, अख्खं खोड, देठ आणि पानांच्या खालच्या शिरा जांभळ्या पडतात, पानं निळसर गडद होतात आणि रोप जागीच थांबतं. टोमॅटोच्या लहान रोपांत हे फार स्पष्ट दिसतं. पुस्तक सांगतं स्फुरद कमी. खरं असतं, पण अर्धं. थंडगार मातीत मुळं स्फुरद उचलत नाहीत, ते मातीत असूनही. अशा वेळी डीएपीसारखं स्फुरदाचं खत ओतून उपयोग नाही. कुंडी फरशीवरून उचला, उन्हं घेणाऱ्या दक्षिणेकडच्या भिंतीला लावा, आणि पाणी संध्याकाळी न घालता सकाळी दहानंतर घाला. संक्रांतीनंतर हवा तापली की नवी पानं आपोआप हिरवी येतात. हेच जांभळेपण ऑक्टोबरच्या उकाड्यात, रोप खुंटून आलं तर मात्र मुळं बघायची.

मातीलगतचा भाग बोटाने दाबून बघा. तिथे खोड तपकिरी, खरखरीत, पण टणक असेल तर ते जून झालंय, लाकूड धरतंय. टोमॅटोच्या खोडावर पांढरट पुळ्या आल्या तर त्या फुटू पाहणाऱ्या मुळ्या आहेत, रोग नाही. पण तोच भाग मऊ, काळपट, चोळल्यावर साल सुटणारा असेल तर खोडकुज. मातीवर पांढरे कापसासारखे तंतू आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. रोप आणि वरची माती, दोन्ही काढून टाका. त्या कुंडीत पुन्हा मिरची, टोमॅटो लावू नका.

रोप हिरवं असतानाच दोन दिवसांत अचानक सुकलं, माती मात्र ओली, तर मर. खोडाचा तळाचा तुकडा आडवा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात उभा धरा. दोन-चार मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी धार खाली उतरू लागली तर जिवाणूजन्य मर आहे. धार नाही, पण उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या तर बुरशीजन्य. दोन्हीत रोप वाचत नाही, पण बाकीच्या कुंड्यांना काय करायचं ते कळतं. कात्री स्पिरिटने पुसल्याशिवाय पुढच्या रोपाला लावायची नाही.

फांदी टोकाकडून वाळत खाली येत असेल तर नखाने साल खरवडा. खाली हिरवं असेल तिथपर्यंत ती जिवंत आहे. हिरव्या भागात दोन बोटं आत येऊन छाटा. लिंबाच्या बुंध्यातून डिंक ओघळत असेल तर तो डिंक्या. रोगट साल चाकूने खरवडून बोर्डो पेस्ट लावतात: 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 100 ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून एकूण 1 लिटर पाण्यात. धातूच्या भांड्यात करू नका. तयार मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

शेवटी मुळं

वरून काहीच उलगडत नसेल तर कुंडी आदल्या दिवशी पाणी न देता आडवी करा, काठावर थापट्या मारा आणि मातीचा गड्डा अख्खा बाहेर काढा. लोकांना याची भीती वाटते. दोन मिनिटांत परत बसवला तर मिरचीला काही होत नाही. पांढरी, टणक मुळं आणि जंगलातल्या मातीसारखा वास, म्हणजे सगळं ठीक. तपकिरी, ओढल्यावर वरची साल निसटून आत दोरा उरणारी मुळं आणि कुजका वास, म्हणजे पाणी तुंबतंय. कुजलेलं कापा, मातीत रेती किंवा भाताची तुसं मिसळा आणि नव्याने लावा.

मुळांचं जाळं कुंडीच्या आकाराचं होऊन गोल गोल फिरत असेल तर कुंडी लहान झाली आहे. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी. आणि मातीत इंग्रजी 'सी'सारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी सापडली तर ती हुमणी. ती बहुधा कच्च्या शेणखतातून आलेली असते. हाताने वेचा, कावळ्यांना टाका. पुढच्या वेळी शेणखत पूर्ण कुजलेलं, भुसभुशीत, वास न येणारं घ्या.

एक उपाय केला की दुसरा लगेच करू नका. कुंडीवर तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावा आणि दहा-बारा दिवस थांबा. पिवळी झालेली जुनी पानं सहसा पुन्हा हिरवी होत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे बघून उपाय फसला असं ठरवू नका. फक्त उपायानंतर उमललेली शेंड्याची दोन-तीन पानं बघा. ती बरोबर रंगाची असतील तर खालची पिवळी पानं देठासकट काढून टाका, आणि पाण्याचा डबा पुन्हा हातात घ्यायच्या आधी बोट दोन पेरं आत घाला.